आठ मिनिटं कुठे गेली? ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची कोणती डिस्क घ्यावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे या सिनेमाची दोन डिस्कची जुनी भारतीय डीव्हीडी आहे आणि तिच्यावर 171 मिनिटं लिहिलंय. सगळीकडे ‘पूर्ण’ आवृत्ती 179 मिनिटांची असल्याचं वाचून तुम्हाला वाटतंय की आपली प्रत कापलेली आहे. वडिलांनी हा सिनेमा तरुणपणी मुंबईत थिएटरात पाहिला होता आणि त्यांना ‘तोच’ सिनेमा दाखवायचा आहे. घरी 55 इंची टीव्ही, नऊ फुटांवर सोफा आणि डिस्क घालता येणारा प्लेस्टेशन 5 आहे. मग 4के घ्यावी की साधी ब्लू-रे, आणि ‘चित्र पिवळं केलंय’ ही ओरड खरी आहे का?

मी पंचवीसेक वर्षं मुंबईत टेलिसिने, म्हणजे फिल्मवरचं चित्र व्हिडिओवर उतरवण्याचं काम, आणि पुढे कलर ग्रेडिंग केलं. माझा दिवस जुनी निगेटिव्ह आणि प्रिंट स्कॅन करण्यात, रंग बसवण्यात जायचा. दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या या सिनेमाच्या बहुतेक डिस्क मी विकत घेतल्या, एकेक दृश्य लावून ताडून पाहिल्या. त्या अनुभवातून सांगतो.

आधी आठ मिनिटांचं कोडं सोडवू. तुमची प्रत कापलेली नाही, ती जोरात पळते आहे. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमनं चित्रित होतो. तुमची डीव्हीडी पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमची. पूर्वी रूपांतर करताना सरळ 24 ची 25 करून टाकायचे. त्यामुळे सिनेमा सुमारे 4 टक्के वेगानं धावतो. 179 ला 24 नं गुणून 25 नं भागा, उत्तर 171 आणि वर थोडं येईल. एकही दृश्य गेलेलं नाही. मात्र वेगाबरोबर आवाजही वर चढतो. संगीतकार मोरिकोनेची ती शीळ पेटीवरच्या काळी एकमधून पांढरी दोनकडे सरकल्यासारखी ऐकू येते, पूर्ण पोचत नाही पण निघालेली असते. कान तयार असलेल्या माणसाला नायक क्लिंट ईस्टवूडचा आवाजही किंचित पातळ लागतो. ब्लू-रे आणि 4के डिस्कवर हा सिनेमा 24 फ्रेमनंच चालतो, त्यामुळे वेळ आणि सूर दोन्ही जागेवर येतात.

या हिशेबातून हेही कळतं की तथाकथित पूर्ण आवृत्ती तुमच्या घरात आधीपासूनच आहे. आता खरा प्रश्न असा की वडिलांनी जो पाहिला तो सिनेमा कोणता?

इटलीत हा सिनेमा डिसेंबर 1966 मध्ये लागला तेव्हा तो पावणेतीन तासांहून मोठा होता. अमेरिकेत एका वर्षानं, डिसेंबर 1967 मध्ये आला तो 161 मिनिटांचा. इंग्रजी डबिंग या आखूड आवृत्तीसाठीच झालं होतं. वगळलेल्या दृश्यांना इंग्रजी आवाज कधी मिळालाच नाही. 1998 च्या अमेरिकन डीव्हीडीवर ही दृश्यं वेगळी, इटालियन भाषेत जोडलेली होती. पुढे 2003 मध्ये ती सिनेमात परत बसवली. ईस्टवूड (ब्लाँडी) आणि इलाय वॉलॅक (तूको) यांना पुन्हा डबिंग थिएटरात बोलावलं. एंजल आइज झालेला ली व्हॅन क्लीफ 1989 मध्येच गेला होता, म्हणून त्याच्या जागी दुसऱ्या कलाकाराचा आवाज घेतला. लिओनेही त्याच वर्षी गेला. म्हणजे 179 मिनिटांची इंग्रजी आवृत्ती 2003 च्या आधी जगात कुणीच पाहिलेली नाही, तुमच्या वडिलांनीही नाही आणि खुद्द दिग्दर्शकानंही नाही.

‘पूर्ण’ या शब्दानं इथे फार गोंधळ केलाय. जास्त मिनिटं म्हणजे जास्त अस्सल, असं आपल्याला आपोआप वाटतं. पण वाढवलेल्या दृश्यांतलं गुहेचं दृश्य पाहा. तूको कोंबडी हातात घेऊन जुन्या साथीदारांना गोळा करायला जातो, तेच. हे दृश्य रोममधल्या पहिल्या खेळानंतर लिओनेनं स्वतःच काढलं होतं. ते परत घालणं म्हणजे लेखकानं खोडलेला परिच्छेद पुढच्या आवृत्तीत छापणं. अभ्यासकाला तो हवाच, मलाही तो वाचायला आवडतो, पण त्याची जागा परिशिष्टात.

सगळी वाढीव दृश्यं मात्र एका मापानं मोजता येत नाहीत. एंजल आइज उद्ध्वस्त किल्ल्यातल्या कॉन्फेडरेट, म्हणजे अमेरिकन गृहयुद्धातल्या दक्षिणेच्या सैन्याच्या, छावणीत माहिती काढायला जातो, ते दृश्य मला फार मोलाचं वाटतं. जखमी सैनिक जागोजागी पडलेत, आणि तो निर्दय माणूसही क्षणभर गप्प होतो. सिनेमातल्या युद्धाचं वजन त्यानं वाढतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. आखूड आवृत्तीत एंजल आइज पुढे कैद्यांच्या छावणीत सार्जंटच्या गणवेशात अचानक समोर येतो आणि आपण दचकतो. किल्ल्याचं दृश्य आधी पाहिलं असेल तर तो तिथे कसा पोचला याचा धागा मिळालेला असतो, मग धक्का बोथट होतो. वाळवंटातला छळही लांब आवृत्तीत वाढतो. तूको पाय धुतो आणि तहानेनं मरायला टेकलेला ब्लाँडी ते बघतो. दृश्य उत्तम आहे, पण आखूड आवृत्तीतला छळ मला पुरेसा होतो.

आवाजाचा खडाही आहे. चित्रीकरणाच्या वेळी ईस्टवूड 36 वर्षांचा होता आणि वॉलॅक 50 चा. नव्या डबिंगच्या वेळी एकानं 70 ओलांडली होती, दुसऱ्यानं 80. दोघांनी जीव ओतलाय, त्याबद्दल मला आदरच आहे. पण एका वाक्यात तरुण तूको बोलतो आणि पुढच्या दृश्यात त्याच तोंडातून म्हाताऱ्या माणसाचा घोगरा आवाज येतो, तेव्हा मी सिनेमातून बाहेर फेकला जातो. एक गोष्ट वडिलांना आधीच सांगून ठेवा: ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून डिस्कला दोष देऊ नका. हा सिनेमा मुळातच आवाज न घेता चित्रित झाला. इटालियन, स्पॅनिश, अमेरिकन नट आपापल्या भाषेत बोलत होते आणि सगळा आवाज मागून भरला गेला. आपल्याकडचे सत्तर-ऐंशीच्या दशकातले सिनेमे डबिंग थिएटरातच बोलते व्हायचे, म्हणून आपल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही.

आवाजाचं दुसरं अंग मला रिझोल्यूशनपेक्षा महत्त्वाचं वाटतं. मूळ साउंडट्रॅक मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा होता. 2003 च्या आवृत्तीसाठी 5.1, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांसाठीचं मिश्रण केलं, तेव्हा बंदुकीचे अनेक बार नव्यानं घातले गेले. मूळचा बार म्हणजे तो लांबट, घुमणारा, जरासा कृत्रिम आवाज. तो या जातीच्या इटालियन सिनेमाची सही होती. नव्या बारात ठोका आहे, पण सही नाही. 2009 च्या ब्लू-रेवर इंग्रजी आवाज या नव्या 5.1 मध्येच होता, मोनो होता तो इटालियन. म्हणून पाकिटावर ‘मोनो’ वाचून थांबू नका, कोणत्या भाषेचा ते पाहा. आणि लांब आवृत्तीवर इंग्रजी मोनो असला तरी त्यात 2003 चे संवाद असणारच, तो 1967 चा निखळ ट्रॅक असू शकत नाही. मूळ इंग्रजी मोनो अखंड हवा असेल तर आखूड आवृत्तीच घ्यावी लागते.

आता चित्राकडे येऊ. इथे थोडं यंत्रशास्त्र सांगतो, कारण त्याशिवाय 4के चा अर्थ लागत नाही.

हा सिनेमा टेक्निस्कोप पद्धतीनं चित्रित झालाय. नेहमीच्या 35 मिमी फिल्मवर एका फ्रेमसाठी चार छिद्रांएवढी उंची वापरतात, टेक्निस्कोपमध्ये दोनच. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांऐवजी बावीस मिनिटं पुरतं, म्हणून निर्माते खूश. रुंद पडद्यासाठी लागणारं खास अॅनामॉर्फिक भिंग कॅमेऱ्यावर चढवावं लागत नाही, साध्या भिंगावर काम भागतं. त्यामुळे कॅमेरामन तोनिनो देल्ली कोल्लीला डोळ्यांच्या अगदी जवळ जाता आलं आणि मागचं लांबवरचं माळरानही स्पष्ट ठेवता आलं. लिओनेचं ते प्रसिद्ध रूप, पुढे घामेजलेला चेहरा आणि मागे मैलभर पसरलेलं रान, काही अंशी या स्वस्त पद्धतीची देणगी आहे. मात्र निगेटिव्हचं क्षेत्रफळ निम्मं झालं, आणि तेवढ्याशा चित्राला मोठ्या पडद्यावर ताणलं की ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, जास्त दिसतं. हे ग्रेन म्हणजे घाण नव्हे, चित्र त्यानंच बनलंय.

2009 च्या ब्लू-रेचा गुन्हा इथला आहे. रंग बरेचसे नैसर्गिक होते, पण ग्रेन पुसण्याच्या नादात चेहरे मेणासारखे गुळगुळीत झाले. लिओनेचा निम्मा सिनेमा चेहऱ्यांवर उभा आहे. सुरकुत्या, देवीचे वण, दाढीचे खुंट. तेच पुसले तर उरलं काय?

2014 मध्ये नव्यानं 4के स्कॅन करून ब्लू-रे निघाली. तपशील झकास परत आले, ग्रेनही आलं. पण सगळ्या चित्रावर पिवळी झाक बसली. ओरड खरी आहे. मी ती डिस्क पहिल्यांदा लावली तेव्हा आधी माझ्या मॉनिटरवरच संशय घेतला, मापून पाहिलं. मॉनिटर ठीक होता.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा की मूळ रंग कसे होते हे तुम्हाला काय ठाऊक, साठच्या दशकातले सिनेमे उबदारच असायचे. प्रश्न रास्त आहे. आठवणीवर मी विश्वास ठेवत नाही, स्वतःच्याही नाही. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका जुन्या मराठी सिनेमाचं रीळ माझ्याकडे आलं होतं. ईस्टमनकलर प्रिंट उडून गुलाबी झाली होती. निर्मात्यांकडचे ज्येष्ठ गृहस्थ शपथेवर सांगत होते की नायिकेची साडी केशरी होती. पुढे सेटवरचा एक रंगीत फोटो मिळाला, साडी चक्क हिरवी निघाली. तेव्हापासून मी पुरावा चित्रातच शोधतो.

या सिनेमात तो पुरावा कथेनंच ठेवलाय. ब्लाँडी आणि तूको कॉन्फेडरेट गणवेशात घोडागाडीतून चाललेत. समोरून घोडदळ येतं, कपडे करडे, म्हणजे दक्षिणेच्या सैन्यासारखे. तूको खूश होऊन दक्षिणेच्या नावानं जयजयकार करतो. अधिकारी जवळ येतो, बाहीवरची धूळ झटकतो आणि करड्याखालून निळा कपडा निघतो. शत्रूचं सैन्य! हा विनोद संपूर्णपणे रंगावर उभा आहे. धूळ करडी दिसलीच पाहिजे आणि झटकल्यावरचा निळा टचकन डोळ्यात भरलाच पाहिजे. पिवळ्या झाकेत धूळ खाकी होते, निळा हिरवट काळपट होतो आणि क्षण मंदावतो. दिग्दर्शकानं इतक्या नेमक्या रंगफरकावर प्रसंग रचलाय, तो फरक मिटवणारं ग्रेडिंग मला मूळ म्हणून मान्य नाही. वाळवंटात तूकोच्या हातातली गुलाबी छत्री आणि मागचं आकाश ही दुसरी जागा. छत्री पीचकडे झुकली आणि आकाश हिरवट झालं की समजा.

2017 मध्ये किनो लॉर्बर या अमेरिकन कंपनीनं ब्लू-रे काढली. स्कॅन तेच, पिवळेपणा बराच उतरवलेला, आणि आखूड व लांब दोन्ही आवृत्त्या. 2021 मध्ये त्यांचीच 4के आली. 4के डिस्कवर आखूड, थिएटरची आवृत्ती आहे. रंग आणखी सावरलेत आणि मूळ मोनोही आहे.

आता तुमच्या घरची गोष्ट. नऊ फुटांवरून 55 इंची टीव्हीवर 4के आणि साध्या ब्लू-रेच्या 1080 मधला फरक तुम्हाला जवळपास दिसणार नाही. निरोगी डोळा बिंदू वेगळे ओळखतो त्याला मर्यादा आहे. 55 इंचांवर 1080 चे बिंदू साधारण सात फुटांच्या आतच सुटे होतात. त्यापलीकडे डोळाच ते एकत्र करतो. वर टेक्निस्कोपचं निगेटिव्ह लहान, त्यात 4के भरेल इतका तपशील सगळीकडे नाही. नुसत्या रिझोल्यूशनसाठी पैसे घालायचे असतील तर मी नको म्हणेन.

तरीही तुम्ही 4केच घ्या, आणि त्याचं मुख्य कारण वेगळंच आहे. ब्लू-रेला रीजन कोड असतो. अमेरिका ए मध्ये, भारत सी मध्ये. किनोची ब्लू-रे अमेरिकेच्या बाजारासाठी आहे, भारतात घेतलेल्या प्लेस्टेशनवर ती अडेल. 4के डिस्कला रीजन कोडच नसतो, ती तुमच्या यंत्रावर सरळ चालेल. सोबत साधी ब्लू-रे असेल तर ती चालेल असं धरू नका. रीजन-फ्री प्लेअर असलेल्या माणसाला मी 2017 ची दोन आवृत्त्यांची ब्लू-रेही आनंदानं सुचवली असती. आणि तुमच्याऐवजी परदेशातल्या कुणी, अमेरिकेतल्या प्लेअरवर बघणाऱ्यानं विचारलं असतं तर 2017 चीच आधी सुचवली असती, कारण एका खरेदीत दोन्ही मिळतात.

म्हणजे आवृत्ती, आवाज, रंग आणि यंत्र, चारही हिशेब तुमच्या बाबतीत त्याच एका डिस्कवर येऊन थांबतात. लांब आवृत्ती तुमच्या डीव्हीडीवर आहेच, त्यामुळे ती दुसऱ्यांदा विकत घ्यायची घाई नाही. पुढे आणखी डिस्क निघतील. तेव्हा पाकिटावरची मिनिटं आधी पाहा: 161-162 म्हणजे आखूड, 178-179 म्हणजे लांब. स्ट्रीमिंगवरही हीच खूण चालते.

‘शोले’च्या बाबतीत आपल्याकडे हाच प्रश्न नव्यानं आलाय. 2025 मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात त्याची 4के प्रत मूळ शेवटासह दाखवली गेली, ज्यात ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे बदललेला शेवट पन्नास वर्षं लोकांनी पाहिला, तो त्यांच्या अंगात भिनला. तिथे दिग्दर्शकावर दबाव आणून बदल करवला होता, म्हणून मी मूळ शेवटाच्या बाजूनं आहे. गुहेचं दृश्य लिओनेनं आपल्या हातानं काढलं, म्हणून तिथे मी आखूड आवृत्तीच्या बाजूनं. तरी ‘शोले’चा जुना शेवटही जपून ठेवला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण तीन पिढ्यांनी तोच पाहिलाय.

डिस्क आल्यावर लगेच सिनेमा लावू नका. टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड काढून ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड लावा, शार्पनेस शून्यावर किंवा कंपनीनं दिलेल्या तटस्थ आकड्यावर आणा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, प्लेस्टेशनमध्ये 24 हर्ट्झ आउटपुट चालू करा. ती गुळगुळीत करणारी सोय चालू राहिली तर शेवटच्या कबरस्तानातल्या तिरंगी झुंजीत कॅमेरा वर्तुळात फिरतो तेव्हा सिनेमा टीव्ही मालिकेसारखा दिसेल. ‘सिनेमा’ मोडमध्ये पहिले दोन दिवस सगळंच थोडं पिवळसर वाटेल. तो तुमच्या डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय लागल्याचा परिणाम आहे, डिस्कचा नाही. डोळे रुळू द्या, मग धूळ झटकण्याचा प्रसंग लावून निळा बघा.

त्याच प्रसंगाशी जुनी डीव्हीडी लावून वडिलांना आधी काही न सांगता दोन्ही दाखवा. कोणता निळा त्यांना ओळखीचा वाटतो, ते मला जरूर कळवा.